चर्चमध्ये सोललेली चवळी

आई,

तुझ्यामुळे डब्लिनमधल्या एका चर्चमध्ये माझी भर बायकांत फजिती झाली, हे तुला सांगायचं राहूनच गेलंय. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. आधी तुझ्यावर चिडले होते, मग हसू आलं, आणि आता कुणाला ती हकिगत सांगायला लागले की दर वेळी तुझीच बाजू घेते. तू गेलीस तेव्हा मी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते, म्हणजे तुझ्या लेखी मी अजून हॉस्टेलवरून मळके कपडे घेऊन घरी येणारी मुलगी असणार. तर ऐक. मी बायकांची डॉक्टर झाले. आयर्लंडमध्ये राहते, डब्लिनच्या कडेला ओंगार नावाच्या वस्तीत, आणि रोज गाडी हाकत मलिंगारच्या हॉस्पिटलात जाते. तुझा जावई कॉम्प्युटरमध्ये आहे आणि रोज सकाळी खिडकीतून बाहेर बघून आभाळाला शिव्या देतो. तुझी नात अकरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं, तेही असं आयरिश की तुला दुभाषा लागला असता. ताप असो नाहीतर वाढदिवस, कसं वाटतंय विचारलं की म्हणते, "आय'म ग्रँड," म्हणजे मी मजेत.

तू पेणच्या नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात सिस्टर होतीस. गावातली निम्मी पोरं तुझ्याच हातावर जन्मलेली, त्यामुळे बाजारात तुझ्याशी घासाघीस करायला कुणी धजत नसे. ड्यूटीवरून आलीस की साडी बदलून स्वयंपाकघरात फतकल मारायचीस. पुढ्यात परात, परातीत मोड आलेले वाल. डाळिंब्या सोलायचं काम तू कधी एकटीने केलं नाहीस. मी, शेजारच्या मुली, सुट्टीला आलेली मामेबहीण, जी सापडेल तिला ओढून बसवायचीस, आणि जे काही महत्त्वाचं बोलायचं ते तेव्हाच बोलायचीस. नजर परातीत, बोटं चालू, आणि एकदम, "पाळी का येते माहितीये का गं तुम्हाला?" आत्या एकदा नेमकी तेव्हाच आत आली आणि हातातली कढई न ठेवता तशीच परत बाहेर गेली. तू वरसुद्धा बघितलं नाहीस. "तिला पण चार मुलं आहेत," एवढंच म्हणालीस.

आणि ते तुझं ओरडणं. मी सातवीत आहे, तुझ्या मागेमागे फिरतेय आणि म्हणतेय, "आई, खाली दुखतंय." तू हात पुसत वळतेस. "खाली म्हणजे कुठे? पायाचा अंगठापण खालीच असतो. नाव घे." मी तुझा पदर ओढते. "डॉक्टरांसमोर काय अशीच उभी राहणारेस? नाव घे, मग बघू." मी रडकुंडीला येते, कारण दुखत खरंच असतं, आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून एकदाचं ते नाव घेते. काही कोसळत नाही. तू पाणी गरम करायला ठेवतेस. त्या दिवसाचा राग मला अजून थोडासा आहे, पण ते वाक्य मी आतापर्यंत किती बायकांना ऐकवलंय याला गणती नाही.

आमच्या शेजारी एक नायजेरियन कुटुंब राहतं. शेजारीण एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. दोन्ही परसांच्या मध्ये जेमतेम खांद्याएवढी भिंत आहे आणि तिच्यावरून आमचं मीठ, मिरच्या, कपड्यांचे चिमटे असं सगळं जातयेत असतं. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मराठी मंडळातल्या एकीने आवाज खाली आणून विचारलं होतं, "शेजार कसा आहे गं? ते... आफ्रिकन आहेत ना?" मी म्हटलं, "छान आहे. त्यांनाही कुणीतरी आमच्याबद्दल असंच विचारलं असेल." त्यानंतर महिनाभर तिने मला फोन केला नाही, आणि मला काही फरक पडला नाही.

शेजारणीची थोरली मुलगी तेव्हा सोळाची होती. जन्म इथलाच, बोलणं तुझ्या नातीसारखंच, उंची मात्र माझ्यापेक्षा वीतभर जास्त. एका दुपारी मला सुट्टी आहे, ऊन पडलंय, त्यामुळे अख्खं ओंगार धावतपळत कपडे वाळत घालतंय. मीही घालतेय. बघते तर ही मागच्या पायरीवर पोट धरून बसलेली, शाळेचा स्वेटर कमरेला गुंडाळलेला.

"शाळा लवकर सुटली?"

"नाही आंटी, मीच सुटले. पिरियड्स आहेत. आय'म ग्रँड."

मी भिंतीला वळसा घालून गेले आणि तिची खालची पापणी ओढून बघितली. आतून पांढरीफटक. ग्रँड कसलं डोंबलाचं! मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पॅडवर पॅड लावून जाते, तरी बाकावरून उठायची भीती वाटते. दर महिन्याला शाळा बुडते. पुढच्या वर्षी लीव्हिंग सर्ट, म्हणजे आपली बारावी समज.

"डॉक्टरकडे गेली नाहीस?"

"गेले ना. योर मॅन पहिलाच प्रश्न विचारतो, प्रेग्नंट आहेस का? म्हटलं, नाही. टेस्ट केली, तीही नाही म्हणाली. तरी विचारतो, नक्की ना? माझ्या मैत्रिणीला असंच दुखतं, ती त्याच दवाखान्यात गेली. तिला म्हणाला, अगं बाळा, किती त्रास होतोय तुला. मला कुणी बाळा म्हणत नाही." आणि मग माझ्याकडे रोखून बघत, "आंटी, मी काय पंचवीस वर्षांची दिसते का?"

'योर मॅन' म्हणजे इथे 'तो बाबा'. आई, तो प्रश्न विचारण्यात चूक नाही, आम्ही सगळ्यांनाच विचारतो. पण उत्तर मिळालं की विश्वास ठेवायचा असतो. माझ्याच धंद्यातली माणसं मी बघते ना. ठिपक्याठिपक्यांच्या गालांची गोरी पोर कळवळली की सगळ्यांचा जीव खालीवर होतो. तेवढ्याच वयाची काळी मुलगी कळवळली की तिच्याकडे मोठी बाई म्हणून बघतात, आणि तिने ओठ दाबून सोसलं तर म्हणतात, बघा कशी खंबीर आहे. कुणी मुद्दाम करत नाही, आणि मुद्दाम करत नसल्यामुळे कुणाला ते दिसतही नाही. मला त्या दिवशी फार राग आला.

मी तिला दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पाळी आटोक्यात आणायला दुसऱ्या गोळ्या सुचवल्या. त्या दुसऱ्या म्हणजे कुटुंबनियोजनाच्या. तिथे घोडं पेंड खायला लागलं. शेजारीण तिथेच उठून उभी राहिली, "थँक यू डॉक्टर, आम्ही यावर प्रार्थना करू," म्हणाली आणि मुलीला घेऊन घरी आली. मी भिंतीवरून विषय काढला तर हसून म्हणाली, "डॉक्टर, तू माझी बहीण आहेस. पण त्या गोळ्या कशासाठी असतात ते मला माहितीये." आणि माझ्या हातात गरम भाताचा डबा ठेवला. तोंडात घास असला की वाद घालता येत नाही, हे तिलाही तुझ्याइतकंच ठाऊक आहे.

मी मुलीला सांगितलं की इथल्या कायद्याप्रमाणे सोळा पूर्ण झाल्यावर उपचाराला तिची तिला संमती देता येते. तिने मान हलवली. "मला माहितीये, आंटी. पण ममपासून लपवून घेतल्या तर तिला जे वाटतंय ते खरंच ठरेल ना."

मग शेजारणीनेच एक दिवस निरोप आणला. त्यांच्या चर्चमधल्या बायकांना एका शनिवारी मी आरोग्याबद्दल सांगावं, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी, स्तनांची तपासणी वगैरे. पास्टरच्या बायकोची अट अशी, की मोठ्या बायका पुढे बसतील, मुली मागच्या खोलीत खेळतील, आणि आरोग्य म्हणजे आरोग्य, "ते" नको. "ते" म्हणजे कोणतं, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी चर्चचा वाढदिवस होता, त्यासाठी भाषणानंतर त्या मोईमोई करणार होत्या. चवळीची सालं काढून, वाटून, कांदा-मिरची घालून वाफवतात, आपल्या ढोकळ्याच्या लांबच्या नात्यातलं. मी उत्साहाच्या भरात म्हटलं, चवळी मी भिजवून आणते.

आणि इथे तू मध्ये आलीस. मला कुणी कडधान्य भिजव म्हटलं की माझे हात थांबतच नाहीत. भिजवलं, उपसलं, फडक्यात बांधलं. इथे घरोघरी गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. लोक त्यात टॉवेल ठेवतात. ओंगारमधल्या मराठी बायका मटकी ठेवतात. मीही गाठोडी आत ढकलली, आणि शनिवारी सकाळी उघडून बघितलं तर काय सुंदर मोड आले होते! मी खूश. पातेली गाडीत घातली, लॅपटॉपवर चित्रं तयार, आणि टायरच्या दुकानाशेजारच्या त्या गोदामासारख्या चर्चमध्ये ऐटीत शिरले.

पास्टरची बायको चांगली धिप्पाड बाई, डोक्याला जांभळं रेशमी वस्त्र बांधलेलं. तिने फडकं सोडलं आणि कितीतरी वेळ आत बघत राहिली.

"अ-आ! डॉक्टर, हे काय? चवळी खायची असते. तू पेरायला आणलीस?"

सगळ्या गोळा झाल्या. एक म्हणाली, शेपट्या फुटल्यात. दुसरी म्हणाली, अजून एक दिवस थांबली असती तर शेंगाच आणल्या असत्या. मला कळलं ते हे, की त्या चवळी थोडाच वेळ भिजवतात, पाण्यात खसाखसा चोळतात, सालं तरंगून वर येतात, आणि घटकाभरात काम संपतं. ही मोडाची चवळी चोळली तर तुकडे पडायला लागले. एकेक दाणा हातात घेऊन सोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि उद्या सगळं चर्च जेवायला येणार होतं. शेजारणीने कपाळाला हात लावला. पास्टरच्या बायकोने एकदा माझ्याकडे, एकदा त्या पातेल्यांकडे बघितलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "मुलींनो, सगळ्या बाहेर या! हात धुवून या!"

तर अशी ती अट मोडली. लॅपटॉप तसाच राहिला, कारण बघायला कुणाला सवड नव्हती. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना बायका आणि मुली सरमिसळ बसलेल्या, मध्ये परातींसारखी मोठमोठी भांडी. मी त्यांना दाखवलं, अंगठ्याने असं दाबायचं की दाणा सुटून येतो. सगळ्यांच्या माना खाली. मग समोरची एक म्हातारी दाण्याकडेच बघत म्हणाली, "डॉक्टर, ती तपासणी करतात, त्याने खाली दुखतं का?"

मी काय म्हणाले असेन? तुझंच. खाली म्हणजे कुठे, अंगठापण खालीच असतो. पास्टरची बायको अशी हसली की टेबल हललं. मग नावं घेतली, इंग्रजीत, योरुबात, एकीने फ्रेंचमध्ये, आणि आग्रह झाला म्हणून मी मराठीतही. पुढचं मला बोलावंच लागलं नाही. एकीने गर्भाशयातल्या गाठींचं सांगितलं, पोट सातव्या महिन्यातल्या बाईसारखं झालं होतं तरी ती लाजेने बोलली नव्हती. दुसरी म्हणाली, "बाळंतपणात मी वेदनेवर औषध मागत होते आणि ती नर्स म्हणत होती, तू किती स्ट्राँग आहेस, किती छान करतेयस. मी काय प्रशस्तिपत्रक मागितलं होतं?" बायका हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मुली कान टवकारून सोलत होत्या.

शेजारणीची थोरली माझ्या डावीकडे होती. ती बोलली तेव्हा तिचा आवाज मोठा नव्हता. "मम, मी काहीही करत नाहीये. मला फक्त शाळेत जायचंय."

शेजारीण सोलतच राहिली. "तू काही करतेयस असं कोण म्हणालं?"

"सगळे. दर वेळी पहिला प्रश्न तोच असतो, प्रेग्नंट आहेस का." तिने एक दाणा भांड्यात टाकला. "तू पण विचारलंस, मम."

आई, ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं. शेजारणीचे हात थांबले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण पास्टरच्या बायकोने मान वर न करताच सुरुवात केली. "त्या गोळ्या ना? मी घेतल्यात. किती वर्षं. रक्त थांबायचंच नाही माझं. पास्टरना वाटायचं मी व्हिटॅमिन घेतेय." आणि मग पुढचा दाणा उचलत, "अजूनही तसंच वाटतं त्यांना. हे इथून बाहेर गेलं तर मला कळेल."

कोण हसली, कुणाचं भांडं सांडलं, काही विचारू नकोस. त्या गोंधळात शेजारणीने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे ते औषध आहे."

"औषधच आहे," मी म्हटलं. "उद्या दुसऱ्या कशासाठी लागलं तरी औषधच असेल, आणि तेव्हाही तिला तुला विचारता आलं पाहिजे."

"डॉक्टर," ती म्हणाली, "आज एवढंच पुरे." पण तिने मुलीच्या पुढ्यातलं भांडं आपल्याकडे ओढलं, आपलं सोललेलं त्यात ओतलं, आणि ओल्या हातानेच तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं. एवढी उंच मुलगी वाकून तशीच बसून राहिली. सोमवारी दोघी त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्या.

सगळंच काही गोड झालं नाही. पहिल्या गोळ्यांनी तिला मळमळायचं, त्या बदलाव्या लागल्या. शेजारीण अधूनमधून माझ्याशी दोन दिवस अबोला धरायची आणि मग भाताचा डबा घेऊन यायची. पण उन्हाळा येईपर्यंत ती मुलगी शाळेच्या बसमागे धावताना दिसायला लागली. पुढच्या वर्षी परीक्षेला बसली, आणि आता गॉलवेला इंजिनियरिंग शिकते. दवाखान्यात वापरायची उपकरणं बनवणार आहे म्हणे. "ती तपासणीची पकडीसारखी वस्तू नक्की कुणातरी पुरुषाने बनवली असणार, आंटी. ती मी आधी बदलणार." मोईमोई जरा गोडसर झाली, पण संपली. चर्चमध्ये आता दर दोन-तीन महिन्यांनी बायकांचा शनिवार होतो, मुलींसकट, आणि चवळी मोड आणूनच मागवतात. पुरुषांना वाटतं तो काहीतरी पौष्टिक आहार आहे.

अशा शनिवारी मी नव्या आयांना एक गोष्ट न चुकता सांगते. मुलीने कुणाशी तरी बोलणं महत्त्वाचं. ती मावशीशी बोलली, शेजारणीशी बोलली, आनंद माना. मला आधी का नाही सांगितलंस, असं चुकूनही विचारू नका. फार छान सांगते मी हे. बायका माना डोलावतात.

गेल्या आठवड्यात मी मलिंगारहून आले तर घर रिकामं. भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "डॉक्टर, तुझी मुलगी इथे आहे, काळजी करू नकोस, आज ती बाई झाली!" आत गेले तर तुझी नात कोचावर पांघरूण घेऊन, पोटाशी गरम पाण्याची पिशवी, हातात आइस्क्रीम. शेजारी सुट्टीला घरी आलेली ती थोरली. तिने पॅड दिले होते, कसे लावायचे ते दाखवलं होतं, किती दुखलं तर डॉक्टरकडे जायचं आणि डॉक्टरने मनावर घेतलं नाही तर काय म्हणायचं, तेही पढवून ठेवलं होतं. मी दोघींना जवळ घेतलं. शेजारणीने माझ्या हातात डबा दिला. सगळं अगदी मी सांगते तसंच झालं होतं.

घरी येताना आपली चिमणी माझा हात धरून म्हणाली, "आई, आर यू सॅड दॅट आय टोल्ड हर फर्स्ट?"

"छे गं," मी म्हटलं, "उलट किती बरं वाटलं मला."

"कूल," म्हणाली आणि पळत वर गेली.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीये, म्हणून लिहिते. बरं वाटलं, हे खोटं नव्हतं. पण ती वर गेल्यावर मी कोट न काढता तशीच जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले, भाताचा डबा मांडीवर घेऊन. तिला मी छे म्हणाले. पण वाटलं गं आई. थोडंसं वाईट वाटलं.